घरून डेटा रिकव्हरी: पैसे ऑनलाइन कसे घ्यायचे आणि फाइली कशा पाठवायच्या?

कृष्णाकाठ, सांगली · सोमवार रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. बारा वर्षं एका कॉम्प्युटरच्या दुकानात रिपेरिंगला होतो, गेल्या वर्षी ते सोडलं आणि घरीच वरच्या खोलीत डेटा रिकव्हरीचं काम सुरू केलं. ह्यात पडलो ते २०१९ च्या पुरामुळे. ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर लोक हार्ड डिस्क कॅरीबॅगेत घालून दुकानात आणायचे, गाळ तसाच लागलेला, आणि म्हणायचे पोराच्या बारशाचे फोटो आहेत, कसंही करून काढा. काही निघाल्या, बऱ्याच निघाल्या नाहीत, कारण लोकांनी त्या पंख्याखाली वाळवून आधी घरीच लावून बघितल्या होत्या. तेव्हाच ठरवलं की हे काम नीट शिकायचं.

काम कुठपर्यंत करतो ते आधी सांगतो म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. डिलीट झालेलं, फॉरमॅट मारलेलं, बॅड सेक्टर म्हणजे डिस्कचे खराब झालेले भाग, कॅमेऱ्याची कार्डं, एवढंच. आधी राइट ब्लॉकर (मूळ डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून डीडीरेस्क्यू ह्या प्रोग्रॅमने पूर्ण क्लोन म्हणजे हुबेहूब प्रत, कुठला भाग वाचला गेला ते सांगणारी मॅप फाइल जपून ठेवतो, आणि मग जे काय करायचं ते क्लोनवर. टकटक आवाज करणारी डिस्क मी उघडत नाही, क्लीन रूमवाल्या (धूळ नसलेली खोली असलेल्या) लॅबला न्या म्हणून सरळ सांगतो.

आता अडचण. आधी गिऱ्हाईक गावातलंच होतं, यायचं, बघायचं, रोख द्यायचं. आता फोटोग्राफर लोकांच्या ओळखीने सोलापूर, बेळगाव, कणकवली इथून डिस्का कुरियरने यायला लागल्यात. पैसे मी बायकोच्या बचत खात्याच्या क्यूआरवर घेतोय. गेल्या महिन्यात एकाने ६,५०० रुपये पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकला, मी त्याच मिनिटाला गूगल ड्राइव्हची लिंक दिली, पैसे आजपर्यंत आले नाहीत आणि नंबर बंद आहे. चार रात्री जागून काढलेला डेटा होता तो.

दुसरं, फाइली पाठवायचं. एका लग्नाचं शूटिंग ३०० जीबी होतं, अपलोडला लावलं, दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली आणि सगळं पहिल्यापासून. शेवटी एसटीच्या पार्सलने डिस्क पाठवली.

तर घरगुती धंद्याला पेमेंटची नीट सोय काय करावी, आणि एवढ्या मोठ्या फाइली सुरक्षित कशा द्याव्यात? घरीच एक सर्व्हर उभा करून एसएफटीपी (नेटवरून सुरक्षितपणे फाइली द्यायची सोय) देता येईल का, असंही डोक्यात आहे.

नेटवर्की, ठाणे · सोमवार रात्री ११.१५

दादा, आधी तुमच्या प्लॅनचा अपलोड स्पीड किती ते सांगा. जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा डाउनलोडचा असतो.

कृष्णाकाठ, सांगली · सोमवार रात्री ११.३१

टेस्ट मारली. डाउनलोड १००, अपलोड ४० एमबीपीएस.

नेटवर्की, ठाणे · मंगळवार सकाळी ८.०५

मग हिशोब असा. ४० मेगाबिट म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट. ३०० जीबीला ६०,००० सेकंद, म्हणजे जवळपास १७ तास, आणि हे लाइन एकदाही न अडखळता पूर्ण वेगाने चालली तर. प्रत्यक्षात २०-२२ तास धरा. ह्या मधल्या वेळात घरात कुणी व्हिडिओ कॉल केला की त्याची बोंब, तुमचीही बोंब.

घरच्या सर्व्हरचं म्हणाल तर बहुतेक घरगुती कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, नसतो, सीजीनॅटच्या मागे शंभर घरं एकाच पत्त्यावर बसलेली असतात, त्यामुळे बाहेरून कुणी तुमच्या मशीनपर्यंत पोचूच शकत नाही. राउटरमध्ये दिसणारा वॅन आयपी आणि एखाद्या साइटवर दिसणारा आयपी ताडून बघा, वेगळे असतील तर सीजीनॅट आहे. पैसे भरून स्टॅटिक आयपी घेता येतो. पण मी स्पष्टच सांगतो, ज्या घरात लोकांचे खाजगी फोटो पडलेत त्या घरातलं पोर्ट जगाला उघडं करू नका. रात्रंदिवस कुणी ना कुणी दार ढकलत असतं, लॉग उघडून बघितलात तर घाबराल.

लॅबवाला, नाशिक · मंगळवार सकाळी ९.४०

मी ह्या कामात सतरा वर्षं आहे. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आहे, तेवढं नीट वाचा.

डेटा कुलूपबंद करून आधी पाठवायचा आणि किल्ली पैसे जमा झाल्यावर द्यायची.

आम्ही काय करतो सांगतो. डिस्क आली की जॉब नंबर पडतो, तपासणीचे थोडे पैसे आधी घेतो, ते परत मिळत नाहीत हे लिहून देतो. रिकव्हरी झाली की गिऱ्हाइकाला फाइलींची पूर्ण यादी पाठवतो, फोल्डरची नावं, फाइलींची नावं, साइज. मग व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवून तो सांगेल त्या दहा-पंधरा फाइली उघडून दाखवतो. तो सांगेल त्या, आपण निवडलेल्या नव्हेत. यादीत नाव दिसलं म्हणजे फाइल धड आहेच असं नसतं, जेपीजी अर्धी करडी निघते, व्हिडिओचा हेडर गेलेला असतो. त्याची खात्री पटली की सगळा डेटा सेव्हन-झिप ह्या फाइली बांधायच्या प्रोग्रॅममध्ये एईएस-२५६ (पक्कं कूटलेखन) चा पासवर्ड लावून बांधतो, फाइलींची नावं पण झाकायची खूण करायची, ती विसरू नका. मग ते पाठवतो, लिंकने म्हणा की डिस्कने म्हणा. त्याच्याकडे पोचलं, पण उघडत नाही. उरलेले पैसे आमच्या खात्यात दिसले की पासवर्ड फोनवर सांगतो.

ह्यात दोघांचीही भीती जाते. त्याला वाटत असतं पैसे दिले आणि हा गायब झाला तर? आता माल त्याच्या हातात असतो. आणि वाटेत पार्सल हरवलं किंवा लिंक भलत्याच्या हाती गेली तरी आतलं कुणाला दिसत नाही.

स्क्रीनशॉटबद्दल एवढंच म्हणेन की तो पावतीच नाही. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप फिरतायत, बँकेसारखा दिसणारा एसएमएससुद्धा पाठवतात. आपलं बँकेचं ॲप उघडायचं, स्टेटमेंटमध्ये रक्कम आणि यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा क्रमांक) दिसला तरच पैसे आले. गिऱ्हाईक कितीही घाई करो, मुलीचं उद्या लग्न आहे म्हणो, मी थांबतो.

ताळेबंद, पुणे · मंगळवार दुपारी १.२०

मी सीए आहे, लहान धंद्यांचंच काम जास्त करते. बायकोच्या बचत खात्यावर धंद्याचे पैसे घेणं आजपासून थांबवा, ही कळकळीची विनंती. उद्या नोटीस आली तर उत्पन्न तुमचं, खातं त्यांचं, आणि उत्तर देत बसतील त्या.

क्रम असा ठेवा. उद्यमची, म्हणजे लघुउद्योगाची, नोंदणी करा, ती सरकारी साइटवर फुकट आहे आणि आधार, पॅन एवढ्यावर होते. शोधायला गेलात तर वरच हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साइट येतात आणि हजार-दोन हजार मागतात, तिथे भरू नका. दुसरं, शॉप ॲक्ट, ज्याला मुंबईकडे गुमास्ता म्हणतात. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने तुमच्यासारख्या एकट्याच्या धंद्याला नोंदणीची गरज नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, तिची पावती मिळते. हे दोन कागद झाले की बँकेत धंद्याच्या नावाने करंट खातं उघडतं. बँका प्रोप्रायटरला सहसा धंद्याचे दोन पुरावे मागतात, ते हेच. मिनिमम बॅलन्स किती ठेवावा लागतो ते मात्र चार ठिकाणी विचारून घ्या, फरक पुष्कळ असतो.

त्या खात्यावर मर्चंट क्यूआर घ्या. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे पैसे घेण्याचं शुल्क, शून्य आहे, म्हणजे बँक खात्यातून ८,००० आले तर तुम्हाला ८,००० च मिळतात. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) घेतला, रेझरपे, कॅशफ्री वगैरे, तर कार्डाला आणि नेट बँकिंगला साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. म्हणजे ८,००० वर १६० अधिक २८ रुपये ८० पैसे. आणि पैसे लगेच नाही, दोनेक कामाच्या दिवसांनी खात्यात येतात.

जीएसटी नोंदणी सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. बेळगाव, गोवा अशा परराज्यातल्या गिऱ्हाइकाची सेवा असली तरी ही सूट आहे, बरेच जण उगाच घाबरून नंबर घेतात आणि मग रिटर्न भरत बसतात. पण नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नका, तो गुन्हा आहे.

कृष्णाकाठ, सांगली · मंगळवार संध्याकाळी ७.१०

ताई, इतकं सविस्तर कुणी आजवर सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. लॅबवाले काका, किल्ली नंतर द्यायची हे डोक्यात एकदम बसलं. एक विचारायचं होतं, यूपीआय फुकट असेल तर गेटवे घ्यायचाच कशाला? आणि फाइली दाखवायला मी एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप) सांगतो पण अर्ध्या लोकांना ते ऐकूनच धडकी भरते.

ताळेबंद, पुणे · मंगळवार रात्री ९.०२

सुरुवातीला गेटवे नसला तरी चालेल. फायदा दोन ठिकाणी होतो. एक, क्रेडिट कार्डवर देणारे स्टुडिओवाले. दुसरं, पेमेंट लिंक. जॉब नंबर, रक्कम, मुदत घालून लिंक बनवता येते, पैसे आले की आपोआप पावती जाते आणि कुठले पैसे कुठल्या कामाचे हे शोधत बसावं लागत नाही. रिफंड पण ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जातो, ते फार महत्त्वाचं. वेबसाइटवर गेटवे बसवायचा असेल तर पत्ता, नियम-अटी, रिफंडचं धोरण, गोपनीयतेचं धोरण ही पानं आधी लागतात, त्याशिवाय खातं सुरू करत नाहीत.

लॅबवाला, नाशिक · मंगळवार रात्री ९.३०

एनीडेस्क सांगूच नका. २०१९ साली रिझर्व्ह बँकेनेच त्याच्या नावाने इशारा दिला होता कारण भामटे तेच डाउनलोड करायला लावून खाती साफ करत होते. लोकांची भीती रास्त आहे. आपण आपली स्क्रीन त्यांना दाखवायची, त्यांच्या मशीनमध्ये शिरायचं काही कारणच नाही. साध्या व्हिडिओ कॉलवर होतं.

पणजीहून · बुधवार सकाळी ७.५०

माझं मोबाइल रिपेरिंग आणि थोडं डेटाचं काम आहे, म्हापशाला. जे माझ्यावर बेतलं ते सांगतो, कुणावर न बेतो.

एका गिऱ्हाइकाने ४,२०० रुपये दिले, पण स्वतःच्या नंबरवरून नाही, म्हणाला मित्र पाठवतोय. आले, खात्यात दिसले, काम दिलं. दोन महिन्यांनी माझं खातं बंद. बँकेत गेलो तर म्हणाले दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची सूचना आहे, तक्रारीतल्या पैशांचा माग तुमच्या खात्यापर्यंत आलाय. म्हणजे कुणाला तरी फसवलेले पैसे त्या मित्राकडून माझ्याकडे आले होते. फक्त ४,२०० अडवले असते तर समजलो असतो, पूर्ण खातं गोठवलं. दुकानाचं भाडं, पोराची फी, सगळं त्यातच. पाच आठवडे लागले सुटायला.

सुटलो कशाने, तर कागदाने. बिल होतं, जॉब कार्डवर त्याची सही होती, फोन घेतल्याचा आणि दिल्याचा तारखेसकट मेसेज होता. हे सगळं त्या तपास अधिकाऱ्याला मेल केलं, परत परत फोन केले, मग त्यांनी बँकेला कळवलं.

तेव्हापासून माझा नियम, डिस्क ज्याची त्याच्याच खात्यातून पैसे. मित्र, मेव्हणा, कुणी नाही. आणि यूपीआयच्या नोटमध्ये जॉब नंबर लिहायला लावतो. आणि तुम्हाला फसवलं तो स्क्रीनशॉटवाला, त्याची १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाका, पैसे मिळोत न मिळोत, नोंद राहते.

अंगणातली जाई · बुधवार सकाळी ११.२५

मी ह्यातली जाणकार नाही, पण तुमच्या गिऱ्हाइकाच्या जागी बसलेली आहे म्हणून लिहिते.

आमच्या घरची हार्ड डिस्क गेली तेव्हा तिच्यात बाबांचे शेवटच्या वर्षाचे फोटो होते, आणि माझ्या बाळंतपणानंतरचे पण, जे मी कुणालाच दाखवलेले नाहीत. डिस्क त्या माणसाच्या हातात देऊन आले आणि तीन रात्री झोप नाही. तो बघत असेल का, त्याचा मुलगा बघत असेल का, त्याने कॉपी ठेवली तर? आणि विचारायचं कसं, विचारलं तर वाटेल की आपण संशय घेतोय. त्याने काम चांगलं केलं, बाबांचे फोटो मिळाले, पण नंतर त्या कॉपीचं काय केलं हे मला आजही माहीत नाही.

तुम्ही एक पान लिहून द्या हो. कुठलं फोल्डर उघडायचं आणि कुठलं नाही ते विचारा. कॉपी किती दिवस ठेवणार ते सांगा आणि पुसल्यावर एक मेसेज करा. तेवढ्यानेसुद्धा बाईमाणसाच्या जिवाला केवढा आधार होईल.

कृष्णाकाठ, सांगली · बुधवार दुपारी २.४८

ताई, तुमचं वाचून हातातलं काम ठेवलं. खरं सांगतो, मी आजपर्यंत जुन्या कामांच्या कॉपी न पुसता ठेवत आलोय, उद्या परत कुणाला लागल्या तर म्हणून. हेतू वाईट नव्हता पण हे चूक आहे. आत्ता बघितलं तर ४१ कामांचा डेटा पडलाय. आज रात्री एकेकाला फोन करून विचारणार आणि पुसणार.

लॅबवाला, नाशिक · बुधवार दुपारी ३.३०

पुसाच. पुढच्या कामांसाठी सोपी पद्धत सांगतो. प्रत्येक जॉबला वेराक्रिप्ट ह्या कूटलेखनाच्या प्रोग्रॅमचा वेगळा कंटेनर (कुलूपबंद फाइल) करा, क्लोन आणि निघालेला डेटा त्यातच. काम संपल्यावर १५ दिवस ठेवा, मग कंटेनर उडवा आणि पासवर्ड फाडून टाका. मागे राहिलेल्या सेक्टरमध्ये कुणी खणलं तरी कचराच मिळेल. खोलीत चोरी झाली, पीसीच उचलून नेला, तरी लोकांचा डेटा बाहेर जात नाही.

आणि डिस्क घेताना "ही माझी आहे" असं लिहून सही घ्या. नवऱ्याचा फोन, भागीदाराचा लॅपटॉप घेऊन येणारे येतात, गुपचूप बघायचं असतं. मी परत पाठवतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय, पण कायदा नसता तरी मी परत पाठवलंच असतं.

वाशिष्ठी, चिपळूण · बुधवार रात्री ८.१५

स्टुडिओवाल्याची बाजू ऐका आता. २२ जुलै २०२१ ला आमच्या दुकानात छताला दोन फूट राहतील एवढं पाणी होतं. अकरा हार्ड डिस्क बुडाल्या. एक गोष्ट आम्हाला कुणीतरी वेळेवर सांगितली, वाळवू नका, लावू नका, ओल्याच पिशवीत बंद करून लॅबला पाठवा. वाळली की गाळ प्लॅटरवर (आतल्या तबकडीवर) धरतो. त्यामुळे सात वाचल्या.

आता मुद्द्याचं. तुम्ही ३०० जीबी क्लाउडवर चढवाल हो, पण आम्ही उतरवायचं कुठून? गावाकडचं गिऱ्हाईक मोबाइलच्या नेटवर असतं, रोजचे दीड जीबी. ३०० ला दीडने भागा, २०० दिवस. मला तर १० जीबीच्या वर काहीही असेल तर डिस्कच बरी वाटते. नवीन डिस्कचे पैसे बिलात लावा, कुणी नाही म्हणत नाही.

पण डिस्क देताना फॉरमॅट बघा. मला एकाने पेन ड्राइव्हवर डेटा दिला, ती फॅट३२ होती, तिच्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसतच नाही. त्याने फोटो टाकले आणि लग्नाचे लांब व्हिडिओ कॉपीच झाले नाहीत, एरर आली ती त्याने बघितलीच नाही. मुलीकडच्यांना मी फोनवर सांगितलं सगळं मिळालं म्हणून, आणि घरी येऊन बघतो तर सप्तपदी नाही, कानपिळी नाही. त्याने तोवर क्लोन पुसलेला. एक्सफॅट करून द्या, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं.

नेटवर्की, ठाणे · बुधवार रात्री १०.००

वाशिष्ठी दादांशी सहमत, फक्त आकडा मी ५० जीबीवर नेईन, शहरात फायबर असलेल्यांसाठी. छोटी कामं ऑनलाइन कशी द्यायची ते सांगतो.

एक, सेव्हन-झिपने बांधताना २ जीबीचे तुकडे करा आणि कॉम्प्रेशन बंद ठेवा, स्टोअर म्हणून पर्याय असतो. फोटो, व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, परत दाबण्यात रात्र जाते आणि एमबी पण वाचत नाही. तुकड्यांचा फायदा असा की लाइट गेली तर त्या वेळी चढत असलेला फक्त तो एक तुकडा जातो. वर चढवायला आरक्लोन हा प्रोग्रॅम वापरा, परत चालू केलं की चढलेले तुकडे सोडून पुढचे घेतो. दिवसा बँडविड्थला लगाम घालता येतो, रात्री मोकळं सोडायचं. आणि इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही त्यावर घ्या, एकटा राउटर घेऊन उपयोग नाही.

दोन, ठेवायचं कुठे. गूगल ड्राइव्ह लोकांना ओळखीचं आहे, फुकट १५ जीबी, पण ते जीमेल आणि फोटो धरून. स्वतःच्या खाजगी जीमेलचं वापरू नका, धंद्याचं वेगळं खातं करा. लिंक "कुणीही" अशी न ठेवता त्याच्या ईमेललाच परवानगी द्या. कामं वाढली तर ऑब्जेक्ट स्टोरेज (फाइली ठेवायची भाड्याची ऑनलाइन जागा) बघा. ॲमेझॉनच्या एस३ वर डाउनलोडचे दर जीबीमागे वेगळे पैसे लागतात, क्लाउडफ्लेअरच्या आर२ वर डाउनलोडला तसे लागत नाहीत, ठेवण्याचे लागतात, आणि पहिले १० जीबी फुकट. तिथे मुदतीची लिंक बनवता येते, जास्तीत जास्त ७ दिवसांची, मग आपोआप मरते. गिऱ्हाइकाला तारीख ठळक सांगा.

तीन, लिंक आणि पासवर्ड एकाच व्हॉट्सॲपवर कधीही नको.

लॅबवाला, नाशिक · बुधवार रात्री १०.४०

चेकसम, म्हणजे फाइल बिघडली की नाही ते ताडायचा आकडा, राहिला. आम्ही एकदा १८० जीबी डिस्कवर दिले, केबल खराब होती, शंभरेक फाइली कॉपी होताना बिघडल्या. आमच्याकडे पुरावाच नाही की आमच्याकडून नीट गेल्या होत्या की नाही. पुन्हा सगळं काम केलं. आता प्रत्येक फाइलीचा शा-२५६ चेकसम काढून यादीसोबत देतो आणि कॉपी झाल्यावर डिस्कवरून परत काढून ताडतो. वेळ दुप्पट लागतो पण सप्तपदी राहत नाही.

डिस्कला कुलूप म्हणून विंडोजवाल्यांना बिटलॉकर द्या. होम एडिशनवर ते लावता येत नाही, पण लावलेलं उघडता येतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला काही बसवावं लागत नाही. मॅकवाल्याला मात्र झिपच.

जर्सीसिटीकर · गुरुवार पहाटे ५.१०

बाहेरच्या गिऱ्हाइकांचं कुणी बोललं नाही म्हणून. आमच्यासारख्यांच्या डिस्का आईवडिलांच्या घरी पडलेल्या असतात आणि पैसे द्यायचे असतात इथून. पेपॅल भारतात आतल्या व्यवहारांना १ एप्रिल २०२१ पासून बंद आहे पण परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांना चालतं, फी मात्र चांगलीच कापतात. त्यापेक्षा आधी विचारा, एनआरओ किंवा एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं आहे का. २०२३ पासून अमेरिका, यूके, यूएई, सिंगापूर अशा काही देशांतल्या मोबाइल नंबरवरही त्या खात्यांवरून यूपीआय करता येतं, बँकेने सोय दिली असेल तर. मी असंच देतो, दोन सेकंदांचं काम.

ताळेबंद, पुणे · गुरुवार सकाळी १०.१५

बरोबर. परकीय चलनात घेतलेत तर बँकेकडून किंवा पेपॅलकडून त्याचं प्रमाणपत्र काढून ठेवा आणि मला किंवा तुमच्या सीएला दाखवा.

कृष्णाकाठ, सांगली · तीन आठवड्यांनी, रविवार संध्याकाळी ६.२०

मंडळी, उशीर झाला पण काम करूनच लिहायचं ठरवलं होतं.

उद्यम आणि शॉप ॲक्ट झालं, दोन्ही मिळून एक सकाळ गेली. करंट खातं उघडायला नऊ दिवस लागले, घरच्या पत्त्यावर धंदा आहे म्हटल्यावर बँकेचा माणूस येऊन खोलीचे फोटो काढून गेला. क्यूआर आता त्या खात्याचा आहे. गेटवेची पेमेंट लिंक घेतली, वेबसाइट अजून नाही. जुन्या ४१ पैकी ३८ जणांचं पुसलं, एकाने थांबा म्हटलं, दोघांचे नंबर लागत नाहीत. एकीने फोनवर विचारलं, "दादा, म्हणजे इतके दिवस होतं तुमच्याकडे?" मी हो म्हटलं आणि माफी मागितली. १९३० वर तक्रार नोंदवली आहे, त्याचं अजून काही नाही.

जाईताईंनी सांगितलेलं पान तयार केलंय. मराठीत, मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला. डिस्क कुणाची, काय हवंय, कुठलं फोल्डर उघडू नये, कॉपी कधी पुसणार. खाली दोघांच्या सह्या. काल एका बाईंनी "उघडू नये" च्या रकान्यात एका फोल्डरचं नाव लिहिलं आणि पेन माझ्याकडे देताना म्हणाल्या, बरं झालं विचारलंत. ते फोल्डर मी फक्त साइज आणि चेकसमवर तपासलं.

नव्या पद्धतीने पहिलं मोठं काम कणकवलीचं झालं. शाळेच्या स्नेहसंमेलनांची डिस्क, २६४ जीबी, बॅड सेक्टर भरपूर, डीडीरेस्क्यू पाच दिवस चालू होता. तपासणीचे ५०० आधी आले. व्हिडिओ कॉलवर सरांनी पंधरा फाइली उघडायला लावल्या, त्यातल्या दोन फुटक्या निघाल्या, त्या यादीत लाल करून दिल्या आणि बिल कमी केलं. डिस्क बिटलॉकर लावून स्पीड पोस्टने गेली. ती पोचल्याचा फोन आला तेव्हा पैसे यायचे होते, सरांनी नवीन फोन घेतलेला आणि यूपीआय नुकतंच चालू केलेलं, पहिल्या २४ तासांत ५,००० च्या वर जाईना. पूर्वीचा मी असतो तर पासवर्ड देऊन मोकळा झालो असतो. सरांना म्हटलं उद्या करा, घाई नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ७,५०० दिसले, यूटीआर वहीत लिहिला आणि फोन लावला. एकेक अक्षर सांगत होतो, सर मोठ्याने म्हणत टाईप करत होते, मागे शिपाई आणि दोन बाई उभ्या होत्या बहुतेक, आवाज येत होते. मग डिस्क उघडली आणि कुणीतरी म्हणालं, अरे हा तर आपला नाट्यछटावाला!

वाशिष्ठी, चिपळूण · रविवार रात्री ९.०५

वा दादा. पत्ता निरोपातून कळवा. माझ्याकडे कॅमेऱ्याची दोन कार्डं पडून आहेत, एक फॉरमॅट झालंय चुकून.

कृष्णाकाठ, सांगली · रविवार रात्री ९.२०

कळवतो. फॉरमॅट झालेलं कार्ड कॅमेऱ्यात परत घालू नका, एकही फोटो काढू नका त्यावर. कार्डाला लॉकची खिट्टी असेल तर खाली ओढून ठेवा आणि कागदात गुंडाळून डबीत टाका. पान व्हॉट्सॲपवर पाठवतो, भरून पार्सलमध्येच ठेवा.